भाऊबिजेची बॅटरी

नवी मोटारसायकल घेतली की लोक तिच्या रंगाचे कौतुक करतात, टाकी थोपटून पाहतात आणि पेढा तोंडात असतानाच 'अ‍ॅव्हरेज किती देते?' असे विचारतात. बॅटरी कोणती आहे हे मात्र आजवर कुणी कुणाला विचारल्याचे मला आठवत नाही. ती बिचारी एका बाजूच्या झाकणाआड बसून मुकाट्याने काम करीत असते. मग एक दिवस ती अंथरूण धरते, आणि दिवा, हॉर्न, सिग्नल हे सारे वैभव कुणाच्या जिवावर चालले होते ते घरातल्या मंडळींना त्या दिवशी कळते.

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांच्या गाडीवर हा प्रसंग आला. स्वारी पुण्याला नोकरीला असते. कामासाठी परगावी जायचे म्हणून गाडी महिनाभर बारामतीला आमच्या अंगणात उभी होती. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी त्याने किल्ली फिरवली, बटण दाबले, आणि गाडीने घसा खाकरल्यासारखा एकच आवाज केला.

"किक मार की," मी म्हणालो.

"बाबा, या गाडीला किक नसते."

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण वय झाले की जुने उपाय जिभेवर आधी येतात. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, तेव्हापासून नव्या गाड्यांतला कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता पेट्रोल एका विजेच्या पंपाने इंजिनात फवारले जाते, आणि पंपाला वीज लागते बॅटरीची. म्हणजे बॅटरी पुरती बसली असेल तर गाडी ढकलूनही फारसा उपयोग होत नाही. पूर्वी बॅटरी ही गाडीची मोलकरीण होती. आता ती मालकीणबाई झाली आहे.

आम्ही दोघे बॅटरीच्या दुकानात गेलो. दुसऱ्या दिवशी इंदापूरला माझ्या बहिणीकडे जायचे होते. चिरंजीव दुकानदाराला म्हणाले, "असेल ती द्या आणि पाच मिनिटांत बसवून द्या."

ते वाक्य ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांपूर्वी याच बारामतीत मी जवळजवळ याच शब्दांत बोललो होतो.

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात त्यांचे आयुष्य गेले. नीरा डाव्या कालव्याच्या काठाकाठाने, उसाच्या फडांतून, त्यांची बुलेट दिवसभर फिरायची. ती जुन्या पद्धतीची बुलेट होती. गिअर उजव्या पायाला, बॅटरी सहा व्होल्टची आणि दिव्याच्या टोपणावर एक छोटेसे अँपिअर मीटर. त्या मीटरचा काटा म्हणजे अण्णांचा पंचांगकर्ता. किल्ली फिरवून ते किक हळूहळू दाबत. काटा डावीकडे झुकलेला असे तो मध्यावर आला, की डिकॉम्प्रेसर दाबून इंजिन केसभर पुढे सरकवत आणि मग एकच किक. तिच्या ठिणगीला वीज बॅटरीतूनच मिळायची, म्हणून बॅटरीची त्यांनी फार निगा ठेवली. दर रविवारी तिची तीन झाकणे उघडून पाणी पाहायचे, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वरची पांढरी बुरशी पुसायची आणि टोकांना व्हॅसलिन लावायचे.

एकदा मी त्यात घरातले पिण्याचे पाणी ओतू लागलो. त्यांनी माझा हात धरला. "आपल्या भागातल्या जमिनी कशाने बिघडल्या?" त्यांनी विचारले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला. पण जिथे पाण्याचा निचरा झाला नाही तिथे खालचे क्षार वर आले आणि काळी जमीन चोपण झाली. त्यांच्या खात्यातल्या माणसाला हे दुखणे रोज दिसे. "पाण्यातले क्षार प्लेटांवर बसले की बॅटरीची पण चोपण जमीन होते. आणि नुसती पडून राहिली तरी होते. जमिनीवर मीठ फुटतं तसं प्लेटांवर पांढरं फुटतं. मग कितीही पाणी घाल, पीक येत नाही." शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे होतात, याला पुस्तकात काय म्हणतात ते मी पुढे वाचले, पण अण्णांच्या व्याख्येपेक्षा अधिक काही मला त्यातून कळले नाही.

अण्णा १९८४ च्या उन्हाळ्यात गेले. बुलेट पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली. तिला हात लावायला मला धीर होत नव्हता, आणि विकायला आई तयार नव्हती.

माझी धाकटी बहीण इंदापूरला दिलेली. दर दिवाळीला फराळाचे डबे घेऊन अण्णा बुलेटवरून तिच्याकडे जात. मालोजीराजांच्या गढीपासून थोड्या अंतरावर तिचे घर आहे. गाडी वेशीपाशी आली की ती आवाज ओळखायची आणि चहाचे आधण ठेवायची. "अण्णा वळले," असे ती सासूबाईंना सांगे, आणि ते खरोखरच दोन मिनिटांत दारात उभे राहत. पहिल्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. १९८५ ची भाऊबीज आली, ती अण्णांमागची पहिली. माझ्या मनात आले की या वेळी आपण बुलेट घेऊन जायचे. मी तिला पोस्टकार्ड टाकले : 'भाऊबिजेला अण्णांच्या गाडीवरून येतो.'

कार्ड पाठवून मोकळा झालो आणि मग गाडीकडे पाहिले. मेस्त्रींनी कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, ट्यूब बदलल्या. बॅटरी मात्र त्यांनी नुसती हलवून पाहिली आणि बाजूला ठेवली. दीड वर्षात तिची चोपण जमीन झाली होती.

इंदापूर चौकाच्या अलीकडे एक वयस्कर गृहस्थ बॅटरीचे काम करीत. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या सदऱ्याला अ‍ॅसिडने पडलेली इतकी भोके होती की तो सदरा जाळीचाच शिवला असावा असे वाटे. भाऊबिजेच्या दिवशी दुपारी तीन वाजता मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्या काळी गाडीची नवी बॅटरी कोरडी येत असे. प्लेटा कारखान्यातच तयार केलेल्या, पण आत अ‍ॅसिडचा थेंब नाही. तोंडे घट्ट बंद. विकताना अ‍ॅसिड भरायचे, मग चार्जिंगला लावायची.

चाचांनी सांगितले, "आत्ता भरतो. अर्धा तास प्लेटा पिऊ देत. पातळी खाली जाईल, पुन्हा भरू. मग रात्रभर चार्जिंग. उद्या सकाळी न्या."

"रात्रभर कशाला? जोरात चार्ज करा ना!"

चाचा हसले. बॅटरी जेवढ्या अँपिअर-अवरची असेल त्याच्या दहाव्या हिश्श्याने करंट द्यायचा, हा त्यांचा नियम. बारा अँपिअर-अवरच्या बॅटरीला सव्वा अँपिअरच्या आसपास, त्याहून जास्त नाही. घाई केली तर आतले पाणी तापते, प्लेटा वाकतात, त्यांच्यावरचा मसाला गळून तळाशी बसतो. सगळ्या कप्प्यांतून सारखे बुडबुडे येऊ लागले आणि हायड्रोमीटरचा काटा बाराशे पन्नासच्या पुढे जाऊन तीन वेळा तिथेच थांबला, की बॅटरी झाली असे समजायचे. पाण्याचे वजन हजार धरले तर तेवढ्याच अ‍ॅसिडचे वजन बाराशे पन्नास, असा त्या आकड्याचा अर्थ. "पहिलं चार्जिंग म्हणजे बाळंतविडा," चाचा म्हणाले. "तिथं जे कमी पडलं ते पुन्हा भरून निघत नाही."

या घाईला फार जुनी परंपरा आहे, हे तेव्हा मला माहीत असते तर चाचांना सुनावले असते. शिशाची बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून अ‍ॅसिडात बुडवले, की झाले असे नव्हे. ते पत्रे वीज धरू लागावेत म्हणून पुन्हा पुन्हा भरायचे आणि रिकामे करायचे. हे काम कितीतरी महिने चाले. १८८१ साली कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लगदा थापला, तेव्हा कुठे हा वेळ कमी झाला. म्हणजे महिन्यांचे काम शास्त्रज्ञांनी एका रात्रीवर आणून ठेवले होते, आणि मला ती रात्रही नको होती.

मी सरळ दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथे फळीवर एक बॅटरी होती, ती चाचांच्या भावापेक्षा चाळीस रुपयांनी स्वस्त. तिच्या तोंडावरची पट्टी एका बाजूने सुटलेली होती. तारीख मी पाहिली नाही. पट्टी सुटली की आत दमट हवा जाते आणि कारखान्याने प्लेटांत भरून दिलेले बळ हळूहळू विरते, हे मला पुढे चाचांनीच समजावले. त्या क्षणी मला स्वस्ताई दिसली आणि घड्याळ दिसले. मीच म्हणालो, "असेल ती द्या. अ‍ॅसिड भरा आणि लगेच बसवा. चार्जिंग वाटेत होईल." दुकानातल्या पोराने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नरसाळे उचलले. अ‍ॅसिड भरल्यावर अर्धा तास थांबायचे, त्यातली दहा मिनिटेसुद्धा मी दिली नाहीत.

पाच वाजता निघालो. बुलेट सुरू झाली तेव्हा आई पडवीत आली आणि काही न बोलता आत गेली. तो आवाज दीड वर्षाने घरात घुमला होता.

बारामतीहून इंदापूर पन्नासेक किलोमीटर. हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. आता तो रुंद झाला आहे, पण तेव्हा दोन वाहने समोरासमोर आली की एकाला चाक मातीत घालावे लागे. काटेवाडी मागे पडेपर्यंत उजेड होता. नोव्हेंबरच्या मध्यावर दिवस लवकर मावळतो, आणि भाऊबिजेची चंद्रकोर तर तोंड दाखवून लगेच घरी जाते. भवानीनगरला आलो तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. छत्रपती कारखान्याचा हंगाम चालू. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रक आणि बैलांच्या टायरगाड्या. त्या गर्दीतून पहिल्या गिअरमध्ये, दिवा लावून, दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवीत मी अर्धा तास सरपटत होतो. इंजिन मंद फिरत असले की वीज तयार होते ती थोडी आणि खर्च होते ती जास्त. मीटरचा काटा डावीकडे पडला होता. अण्णा असते तर तिथेच गाडी बाजूला घेऊन दिवा बंद केला असता. मी म्हणालो, पुढे रस्ता मोकळा आहे, होईल चार्ज.

सणसर गेले. बेलवाडीच्या पुढे दिवा आधी पिवळा झाला, मग तांबूस झाला, उदबत्तीच्या टोकासारखा. त्या उजेडात मला रस्ता दिसतच नव्हता. एकाएकी पुढ्यात काहीतरी काळे उभे असल्यासारखे वाटले आणि मी जीव खाऊन ब्रेक दाबला. ती भरलेली ट्रॉली होती. चाक पंक्चर झाले म्हणून कुणीतरी रस्त्यावरच सोडून दिलेली. मागे दिवा नाही, दगड नाही, फांदीसुद्धा लावलेली नाही. उसाची टोके माझ्या छातीपासून हातभर अंतरावर होती. इंजिन बंद पडले. किल्ली फिरवली तर काटा जागचा हललासुद्धा नाही.

अंधारात मी किती वेळ किका मारल्या ते सांगता येणार नाही. पाय सुजला. मग गाडी ढकलू लागलो. बुलेटचे वजन दीडशे किलोच्या वर, आणि चढावर ते दुप्पट होते. मागून घुंगरांचा आवाज आला. कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या परतणाऱ्या दोन टायरगाड्या होत्या. पहिलीच्या खाली कंदील टांगलेला. माणसे बीडकडची, ऊसतोडीला आलेली.

"आवो, ढकलून कुठवर नेता? टाका की वर!" पहिला गाडीवान म्हणाला.

त्या चौघांनी दोर लावून, 'हं, हं' करीत अण्णांची बुलेट बैलगाडीवर चढवली. मी तिला धरून उभा राहिलो. खाली कंदील झुलत होता, त्याच्या उजेडात बैलांच्या पायांच्या सावल्या उसाच्या फडावर पळत होत्या. दिवाळीला ही माणसे घरी नव्हती. मी विचारले, तर त्यातली एक बाई म्हणाली, "आमची बी भाऊबीज राह्यलीच की. भाऊ तिकडं, सांगलीकडच्या कारखान्यावर." तिने ते इतक्या सहज सांगितले की मला उत्तर सुचेना. फराळाचा एक डबा त्यांना दिला. ते घेईनात, मग त्या बाईने घेतला.

लासुर्ण्याला पोहोचायला साडेनऊ झाले. शेवटची एस.टी. गेली होती. गाडी एका पंक्चरवाल्याकडे ठेवली, आणि बऱ्याच वेळाने एका ट्रकवाल्याने मला घेतले. निमगाव केतकीला तो पानांच्या करंड्या चढवायला थांबला तेव्हा तर मला रडू यायचे राहिले होते. इंदापूरला उतरलो तेव्हा पावणेबारा वाजले होते.

बहीण ओट्यावर बसली होती. शेजारी तबक, त्यातले निरांजन विझलेले. तिने मला पायी येताना पाहिले आणि एकदम उठून उभी राहिली. तिची नजर माझ्या मागे रस्त्यावर गेली.

"गाडी?"

मी सगळे सांगितले. ती काहीच बोलली नाही. आत जाऊन वात सारखी केली, निरांजन लावले, मला पाटावर बसवले आणि ओवाळले. बारा वाजायला पाच मिनिटे होती. मग पुढ्यात ताट ठेवून ती बाजूला बसली, आणि तिचेही जेवण राहिले आहे हे मला तेव्हा कळले.

"सात वाजल्यापासून घरात रेडिओ लावू दिला नाही कुणाला," ती म्हणाली. "आवाज चुकेल म्हणून." थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, तू उद्या आला असतास तरी चाललं असतं रे. मी काय कुठं जाणार होते?"

दुसऱ्या दिवशी तिच्या यजमानांबरोबर लासुर्ण्याला जाऊन बॅटरी काढून आणली आणि इंदापुरात चार्जिंगला लावली. पुरी एक रात्र आणि एक दिवस, कमी करंटवर. दोन कप्पे बाराशे चाळीसपर्यंत आले, तिसरा हट्टाला पेटला तो बाराशेच्या वर गेलाच नाही. त्या कामगाराने मान हलवली. पण गाडी सुरू व्हायला तेवढे पुरे होते. तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, दिवा न लावता, मी बुलेट घेऊन इंदापुरात शिरलो. दारात पोहोचलो तेव्हा आत स्टोव्हवर आधण ठेवलेले होते. बहीण बाहेर आली नाही. स्वयंपाकघरातच पाठमोरी उभी होती. मीही मग जरा वेळ ओट्यावरच बसलो.

चांगली निगा ठेवली तर अशी बॅटरी तीन वर्षे सहज चालते. ती दहा महिन्यांत गेली. चाळीस रुपये वाचवल्याचा हा हिशेब मी आईला कधी सांगितला नाही. पुढची बॅटरी चाचांकडून घेतली. त्यांनी पट्टी तपासली, हवा जायच्या नळीचे बंद टोक माझ्यासमोर कापले, अ‍ॅसिड भरले, आणि ती नळी साखळीपासून व सायलेन्सरपासून दूर सोडायला बजावले. अ‍ॅसिडची वाफ लोखंड खाते, आणि नळीचे टोक कापायचे विसरले तर बॅटरीच फुगते. चार्जिंग चालू असताना जवळ बिडी ओढणाऱ्याला ते शिवी देत. बुडबुड्यांतून निघतो तो हायड्रोजन, त्याला ठिणगी पुरते. मी 'सकाळी येतो' म्हणालो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्यांना सगळी हकिगत कुणीतरी सांगितली असावी. बारामती तेव्हा लहान होती.

आता ती लहान राहिलेली नाही. एमआयडीसीत पियाजिओच्या रिक्षा आणि व्हेस्पा तयार होतात, आणि बॅटरीच्या दुकानात चकचकीत काचेची कपाटे असतात. गेल्या दिवाळीत आम्ही उभे होतो ते दुकान असेच. दुकानदाराने बंद बॅटरी पुढे केली. हिच्यात पाणी घालायचे नाही, झाकण उघडायचे नाही. अ‍ॅसिड आत काचेच्या लोकरीसारख्या जाळीत मुरवलेले असते.

"कारखान्यातूनच चार्ज होऊन येते, काका. फक्त बसवायची," दुकानदार म्हणाला.

"हो, पण कारखान्यातून कधी आली?" मी विचारले.

चिरंजिवांनी आभाळाकडे पाहिले. दुकानदार मात्र भला माणूस. त्याने छापलेला महिना दाखवला. बॅटरी मार्चमधली. बंद असली तरी ती नुसत्या फळीवर बसून महिन्याला थोडीथोडी उतरते, आणि एप्रिल-मेचा आपला उन्हाळा तिला अधिकच उतरवतो. मी मीटर लावायला सांगितला. बारा पूर्णांक तीन व्होल्ट. अशी बॅटरी पूर्ण भरलेली असली तर पावणेतेराच्या आसपास दिसायला हवी. त्याने आतून दुसरी आणली, ती ऑगस्टची. पण ती जरा मोठी होती, कप्प्यात बसेना. मोठ्या बॅटरीचा मोह पुष्कळांना होतो. गाडी बनवणाऱ्याने जागा आणि अँपिअर-अवर ठरवून दिलेले असतात, त्यात आपण शहाणपणा करू नये. आणि धन-ऋण टोके आपल्या गाडीच्याच बाजूला आहेत की नाही हे पैसे देण्याआधी पाहावे. वायर ओढून ताणून लावणारे महाभाग मी पाहिले आहेत.

शेवटी मापाची होती ती मार्चमधलीच.

"चार्जिंगला लावा," मी म्हणालो. "तिच्यासाठी असतो त्याच चार्जरवर. चार तास लागू देत, पाच लागू देत."

"बाबा, अहो, ती सुरू होईल एवढ्यावर!"

"सुरू होईल रे. माझीही झाली होती."

त्याला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून सांगितली. बैलगाडीवर बुलेट चढवली इथपर्यंत तो हसत होता. ओट्यावरच्या तबकाशी आलो तेव्हा त्याने मोबाइल खिशात ठेवला.

पाच वाजून गेले तरी बॅटरी झाली नव्हती. मी इंदापूरला फोन लावला आणि उशीर का होतो आहे ते सांगितले. आज रात्री नव्हे, उद्याच निघायचे होते; तरी तिला सांगावेसे वाटले.

"बॅटरी का?" पलीकडून बहीण म्हणाली, आणि क्षणभर काही ऐकू आले नाही. मग म्हणाली, "होऊ दे सावकाश. आणि अंधाराचे निघू नका हं, दादा. नव्या गाड्यांचा आवाजच येत नाही. मी आपली दारातच बसते."